उसनी पावलं

रत्नमाला चौगुलेला सगळी हुपरी ओळखायची ती तिच्या बसण्यावरून. सकाळी सातला ती पाटावर बसायची. समोर चांदीच्या पैंजणांची चळत, उजव्या हाताला घुंगरांचा डबा, डाव्या हाताला चिमटा आणि चांदीचे सांधे झाळायची बारकी बत्ती. मग ऊन उंबऱ्यावरून आत येऊन परत अंगणात गेलं तरी बाई जागची हलायची नाही. बसल्या जागी पंखा लावता यावा म्हणून तिनं कळकाची काठी ठेवली होती. दाराच्या कडीला सुतळी बांधून ती पाटापर्यंत आणली होती, म्हणजे कुणी आलं तर नुसती ओढायची. कळशी, चहाचा थर्मास, फोन, सगळं हाताच्या अंतरावर. गल्लीतल्या बाया म्हणत, रत्नाक्काला देवानं पाय दिलेत ते पैंजणाचं माप बघायला. ती हसून सोडून द्यायची. गावात तिच्याइतका चलाख हात दुसरा नव्हता, आणि असा हात घडीघडी बैठक मोडणाऱ्या बाईला येत नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

नवरा सेलमला, चांदीच्याच कारखान्यात, दिवाळीला यायचा. मुलगी लग्न होऊन हुबळीला गेलेली. एकोणपन्नास वर्षांच्या त्या देहाला हलायला घरात कारणच उरलं नव्हतं. माडीवर पापड वाळत घालायला गेली तरी मधल्या पायरीवर धाप लागायची.

ही गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालातली. तोवर सपाट रस्त्यावर माणसाशिवाय चालणाऱ्या गाड्या सर्रास झाल्या होत्या, पण घाटात अजून ड्रायव्हरच लागायचा. रत्नमालेचा धाकटा भाऊ धैर्यशील दुधाचा टँकर चालवायचा. आदल्या वर्षी घाटातल्या वळणावर टँकर उलटला आणि त्याच्या डाव्या खुब्याचा चुरा झाला. पहिलं ऑपरेशन पू होऊन वाया गेलं. तेव्हापासून तो अंथरुणाला खिळला तो खिळलाच. अकरा महिन्यांत मांड्या काठीसारख्या झाल्या, पडून पडून साखर झाली, दुपारी इन्सुलिन टोचावं लागायचं. नवा खुबा बसवायचा तर अंगात ताकद हवी. डॉक्टर लोक ही ताकद शंभरात मोजायचे. धैर्यशीलचा आकडा बावीस होता, हवा होता चाळीस, आणि तोही दसऱ्याच्या आत. त्यानंतर खुब्याभोवतालचं हाड इतकं झिजलं असतं की नवा सांधा बसवायला जागाच राहिली नसती. मग जन्मभर खाट.

मिरजेच्या इस्पितळात डॉक्टर तबस्सुम शिकलगार यांनी रत्नमाला आणि धैर्यशीलची बायको सुलक्षणा, दोघी नणंद-भावजयींना समोर बसवून सगळं उकलून सांगितलं. स्नायू हलतो तेव्हा तो नुसतं हाड ओढत नाही. तो रक्तात बारीक बारीक द्रव्यं सोडतो. त्यातलं एक हाडाला सांगतं, घट्ट हो. एक साऱ्या अंगाला सांगतं, रक्तातली साखर ओढून घे. एक काळजाकडं जातं, एक मेंदूकडं. माणूस पडून राहिला की स्नायू मुके होतात, आणि बाकीच्या अवयवांना वाटतं, या घरात आता कुणी राहत नाही. मग ते एकेक दिवा मालवायला लागतात.

यावर आता एक उपाय निघाला होता. त्याला सगळे ‘निरोप्या’ म्हणायचे. सख्ख्या भावंडाच्या मांडीतून चिमूटभर स्नायू काढायचा, त्याच्या पेशी वाढवायच्या आणि शेंगदाण्याएवढ्या कुपीत भरून ती रोग्याच्या गळ्याच्या हाडाखाली कातडीत ठेवायची. रक्ताचं नातं असलं की शरीर तिला परकी म्हणून हाकलत नाही. त्या भावंडानं आपल्या मांडीवर एक पट्टी बांधायची. स्नायू किती ताणला, घामात काय उतरलं, हे पट्टी वाचते आणि कुपीला कळवते. कुपीत इवलासा उजेड लागतो, पेशी जाग्या होतात, आणि बहिणीच्या मांडीतून जे द्रव्य सुटतं तेच भावाच्या रक्तात सुटतं. चालायचं एकानं, बळ दुसऱ्याला.

रत्नमालेनं शहाणा प्रश्न विचारला. एवढं करण्यापेक्षा यंत्रानंच दिवसभर उजेड पाडला तर? मॅडम म्हणाल्या, आधी तेच केलं होतं. बारा दिवसांत पेशी बहिऱ्या झाल्या, पंख्याची घरघर जशी आपल्याला ऐकू यायची बंद होते तशा. एका माणसाचं चालणं टिपून तेच परत परत पाठवलं, तर तेही त्यांना पाठ झालं. पेशींना खरं जगणं लागतं. कधी वाकणं, कधी चढणं, मध्येच थांबून कुणाशी दोन शब्द, परत लगबग. पळायची गरज नाही, व्यायामशाळेची तर नाहीच. फक्त बसणं मोडायचं. अर्ध्या तासाच्या वर एका जागी राहायचं नाही, आणि कामातच हलणं पेरायचं. जेवण चुकवता का, असंही त्यांनी विचारलं. रत्नमाला म्हणाली, कधीच नाही.

परतीच्या एस.टी.त सुलक्षणा म्हणाली, “वन्सं, राग मानू नका. पण तुम्हाला हललेलं तुमच्या सावलीनंसुद्धा बघितलं न्हाई.”

घरी येऊन रत्नमालेनं आधी कडीची सुतळी कापली.

पुढं तिच्या स्नायूची कुपी धैर्यशीलला बसली, तिच्या मांडीवर पट्टी चढली, त्या दिवशी तिनं घराची घडी विस्कटली. घुंगरांचा डबा माडीवर. पैंजण अडकवायच्या फाशांची पेटी परसात, न्हाणीघराच्या कट्ट्यावर. पाणी प्यायचं तर स्वयंपाकघरात जाऊन. पंचवीस घुंगरं जोडली की उठायचं आणि पुढची पंचवीस वरून ओंजळीत घेऊन यायचं. तयार पैंजणं आठवड्यातून एकदा कारखान्यात जायची, ती आता रत्नमाला रोज स्वतः पोचवू लागली, एका वेळी एकच पैंजण. मुकादम पहिल्या दिवशी म्हणाला, दुसरा पाय घरी विसरलाय का. दुसऱ्या दिवशी म्हणाला, तुमचं डोकं तर जाग्यावर हाय न्हवं. आठ दिवसांनी तो तिच्या येण्यावर घड्याळ लावायला लागला.

पहिले पंधरा दिवस हाल झाले. गुडघे कुरकुरायचे, पोटऱ्या दगड व्हायच्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात मंदावला. बसून बसून जमलेली लय घडीघडी तुटायची. जिन्यावर दम लागला की ती कठड्याला टेकून, आईच्या तोंडच्या चालीवर, आपल्या मनानं जुळवलेलं म्हणायची:

*पाऊल गं माझं पडं, माझ्या या दारामंदी*
*बळ त्याचं जाऊन पोचं, बंधूच्या घरामंदी*

आणि खरंच पोचायचं. दोन गल्ल्या पलीकडं धैर्यशीलच्या फोनवर एक हिरवी रेघ असायची. आक्का उठली की ती उठायची, आक्का बसली की आडवी व्हायची. महिनाभरात त्याचा आकडा सत्तावीस झाला, आषाढ संपता संपता एकतीस. गालावर मांस आलं. भाकरी मागून खायला लागला. सुलक्षणा अंगणात भांडी घासताना गुणगुणायला लागली.

पण रेघ सगळंच सांगायची. धैर्यशीलला दुसरा उद्योग नव्हता. तो दिवसभर ती रेघ बघायचा आणि फोन करायचा. आक्का, आज माडी चढलीस न्हाई का. आक्का, जेवून झोपलीस वाटतं. एकदा लग्नसराईचं काम अंगावर आलं म्हणून ती सलग दोन तास बसली, तर त्याचे चार फोन आले. चौथ्याला ती भडकली.

“माझं बूड पाटाला टेकलं की तुला तिकडं कळतंय. ही काय जिंदगी झाली रे, धैर्या?”

तो म्हणाला, “तुझं टेकतंय आणि उठतंय तरी.”

तिनं फोन ठेवला आणि सकाळीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं.

श्रावण लागला. पंचमीच्या आदल्या दिवशी, चवथीला, तिकडच्या बाया भावासाठी उपास धरतात. रत्नमाला सात वर्षांची असल्यापासून धरत होती. धैर्यशील तेव्हा दुपट्यात होता. बाळंतपणात सुद्धा तिनं तो मोडला नव्हता. यंदा तर भावाचं आयुष्यच उंबऱ्यावर होतं, इकडं किंवा तिकडं. तिनं ठरवलं, यंदा पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आणि चालणं दुप्पट.

दुपारनंतर देवळाच्या पटांगणात बाया जमल्या. फेर धरला, झिम्मा झाला, फुगड्या झाल्या. वीस वर्षं पाटावर बसून लांबून गाणी ऐकणारी रत्नाक्का पदर खोचून फेरात शिरली तेव्हा म्हाताऱ्यांनी सुद्धा टाळ्या वाजवल्या. तिला भूक कळत नव्हती, तहान कळत नव्हती. प्रत्येक गिरकीला तिला वाटत होतं, हे त्याला पोचतंय, हे पोचतंय. तिकडं धैर्यशीलही बायकोला फोन दाखवून हसत होता. रेघ एवढी उंच कधी गेलीच नव्हती.

चारच्या सुमाराला सुलक्षणा चहा घेऊन गेली तर तो घामानं निथळत होता. ओठ पांढरे. काहीतरी बोलत होता, पण शब्द एकात एक अडकत होते. साखर अडतीसवर आली होती. शेजाऱ्याच्या गाडीतून त्याला मिरजेला नेलं. पटांगणात निरोप आला तेव्हा रत्नमालेच्या दोन्ही हातांत दुसऱ्या बाईचे हात होते, आणि ते सोडायचे असतात हेही तिला क्षणभर सुचलं नाही.

तो वाचला. दुसऱ्या दिवशी, पंचमीच्या सकाळी, शिकलगार मॅडमनी रत्नमालेला खोलीत बोलावून काल जेवण चुकलं होतं का ते विचारलं. ती नाही म्हणाली. मग काय खाल्लं होतं, असं विचारल्यावर म्हणाली, काल तर चवथ होती.

“म्हणजे तुम्ही उपाशी होतात.”

“तो उपास न्हवं मॅडम. तो त्याच्यासाठी हुता.”

मॅडमनी हळू आवाजात समजावलं. उपाशी स्नायू हलला की तो साखरेसाठी दुप्पट ओरडतो. पट्टीनं तो ओरडा जसाच्या तसा कुपीत नेला. धैर्यशीलच्या अंगात दुपारचं इन्सुलिन होतं, त्यात हे. त्याच्या रक्तातली साखर बहिणीच्या भुकेनं उपसून काढली. शेवटी त्या म्हणाल्या, “मी स्वतः रोजे धरते, रत्नमालाताई. तरीपण तुम्हाला उपासाचं विचारायचं मला सुचलं नाही. ही चूक एकट्या तुमची नाही.”

रत्नमालेला ते ऐकू आलं, पण आत उतरलं नाही. बेचाळीस वर्षं ती ज्याच्या आयुष्यासाठी उपाशी राहिली, त्याला तिच्याच उपाशी पोटानं मरणाच्या दारात नेलं होतं. ती म्हणाली, ती कुपी काढून टाका. दारात उभी असलेली सुलक्षणा आत आली. नणंदेला लागेल असं बोलायची ही संधी होती आणि ती तिनं घेतली नाही.

“काढायचं न्हाई, वन्सं,” ती म्हणाली. “जेवायचं.”

तेव्हापासून रोज सकाळी आठला सुलक्षणा गरम भाकरी आणि डाळकांदा घेऊन यायची आणि रत्नमालेनं शेवटचा घास खाईपर्यंत समोर बसून राहायची. जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाल्लेल्या बाईला कुणीतरी पहिली भाकरी वाढत होतं. सुरुवातीला तिला संकोच वाटायचा. मग सवय झाली. मग एक दिवस भाकरीला उशीर झाला तर तिनंच फोन करून विचारलं. त्या दिवशी दोघी खूप हसल्या.

दसऱ्याला अकरा दिवस असताना आकडा एक्केचाळीस झाला. ऑपरेशन झालं, नवा खुबा नीट बसला.

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. पण धैर्यशील उठेना.

तिसऱ्या दिवशी त्याला वॉकर धरून उभं केलं. दोनदा उभा राहिला, वेदनेनं डोळ्यांत पाणी आलं, आणि आडवा झाला तो झालाच. घरी व्यायाम घ्यायला माणूस यायचा, त्याला तो उद्या या म्हणायचा. पोटात भीती होती, पण तोंडावर वेगळंच. मॅडमना फोनवर आकडा दाखवायचा: चव्वेचाळीस. आक्का चालतीय तोवर मला काय धाड भरलीय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आणि रत्नमाला चालत होतीच. दिवाळीला आलेला नवरा स्वतःच्याच घरात घुंगरांचा डबा शोधत फिरला, इतकं तिचं घर आता फिरतं झालं होतं.

मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं. वजन पडलं नाही तर नवा सांधा तीन महिन्यांत आखडेल, मग तो असून नसल्यासारखा. कुपी आणखी वर्षभर टिकेल, ती काढा असं त्या म्हणणार नाहीत. पण तो आकडा धैर्यशीलचा नाही.

भाऊबीजेला रत्नमाला ओवाळायला गेली. तो उशीला टेकून बसला होता. पाटावर बसत नाहीस का, असं तिनं विचारल्यावर हसला. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, तबक ओवाळलं. तो ओवाळणी घालणार एवढ्यात तिनं निऱ्यांआडून मांडीवरची पट्टी सोडली आणि तबकात ठेवली.

“यंदाची ओवाळणी माझ्याकडनं.”

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा चेहरा उतरला. “म्हंजे मला मारायला निघालीस.”

“एकदा मारत हुते. चवथीला,” ती म्हणाली. “तवा मला ठावं नव्हतं. आता हाय.”

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. सुलक्षणा चौकटीला धरून उभी होती. नणंद निघाली तेव्हा ती तिच्याबरोबर फाटकापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला सातला पाटावर बसली. आता बघणारं कुणी नव्हतं. बसली तर रेघ आडवी होणार नव्हती, फोन येणार नव्हता. हात झरझर चालला. पाऊण तासानं तिच्या ध्यानात आलं की मांड्यांना मुंग्या आल्यात आणि त्या मुंग्यांचा तिला राग येतोय. पूर्वी कधी आला नव्हता. ती उठली, चप्पल घातली आणि अंबाबाईच्या देवळापर्यंत जाऊन आली, कुणासाठी ते न ठरवता. वाट भावाच्या दारावरूनच होती.

मग रोजच जाऊ लागली, भाकरी खाऊन, साडेआठला. खिडकीत तो दिसायचा. पहिले दोन दिवस त्यानं कूस बदलली. नंतर नुसता बघायचा. भाकरी घेऊन येणारी सुलक्षणा न विचारता आकडा सांगायची. त्रेचाळीस. एक्केचाळीस. एकोणचाळीस. रत्नमाला तरी शेवटच्या घासापर्यंत जेवायची. सहाव्या दिवशी सुलक्षणा पट्टीच घेऊन आली. काल माझे पाय धरून रडला, म्हणाली. घेता का परत?

रत्नमालेनं ती हातात घेतली. इतकी हलकी वस्तू. बांधली की संध्याकाळपर्यंत त्याच्या गालावर रंग येईल, हे तिला ठाऊक होतं. दुपट्यातलं त्याचं तोंड तिच्या डोळ्यांपुढं आलं आणि जाईना. ती किती वेळ तशी उभी होती कुणास ठाऊक. मग तिनं पट्टी भावजयीच्या मुठीत ठेवून मूठ मिटली.

“आज न्हाई,” ती म्हणाली, आणि चप्पल घातली.

नवव्या दिवशी ती फाटकापाशी पोचली तर दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या बाहेर, वॉकरच्या दांड्या आवळून, धैर्यशील उभा होता. बोटं पांढरी पडली होती, कपाळावर घाम, पाय थरथरत होते. मागं सुलक्षणा, त्याला हात न लावता, दोन्ही हात पुढं धरून.

“रोज दारावरनं जातीस ती मला दाखवायला व्हय?”

“तुला कशाला? मला जायचं असतंय.”

“कुठवर?”

“देवळापतोर.”

त्यानं रस्त्याकडं बघितलं, जसं कुणी आभाळाकडं बघतं. “लई लांब हाय.”

“मग त्या खांबापतोर चल.”

त्यानं तिला एक कचकचीत शिवी दिली, लहानपणची, आणि वॉकर एक वीत पुढं सरकवला. मग पाय. मग पुन्हा वॉकर. रत्नमालेचा हात आपोआप पुढं गेला होता. तिनं तो पदरात गुंडाळून घेतला. अंगण संपलं, फाटक मागं पडलं. “थांब की जरा,” तो म्हणाला, आणि ती थांबली, त्याच्या शेजारी, त्याच्याइतक्याच धापा टाकत, जरी ती चारच पावलं चालली होती.

खांब अजून अकरा पावलांवर होता. मोजत होता तो, तोंडातल्या तोंडात, शिव्या आणि आकडे एकत्र करून. त्यातलं एकही पाऊल तिचं नव्हतं.